लाइन गेल्यावर तो म्हणाला, ‘जातो’

भानामतीविरुद्धची पत्रकं मी स्वतः लिहिली आहेत, गावोगावी वाटली आहेत. ‘प्रत्येक गोष्टीला कारण असतं, शोधा!’ हे त्यातलं वाक्य माझंच. त्यामुळे खालचं वाचून कुणी मला बुवाबाजीच्या रांगेत उभं करू नये. मी चिडून लिहितोय, भिऊन नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट. नागभीडला रेल्वे फाटकाजवळच्या एका खोलीत आमच्या संघटनेचं ऑफिस. टेबल, पंखा आणि मराठी अक्षरं दाखवणारं कार्ड बसवलेला सेकंडहँड कॉम्प्युटर. जवळच्या एका गावाचा तलाव बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं घाटत होतं. ज्यांच्या बापजाद्यांनी तिथे जाळी टाकली, त्यांना कुणी विचारलंही नव्हतं! दुसऱ्या दिवशी सुनावणी. त्यासाठी मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबांचे जबाब आम्ही टाइप करत होतो.

टायपिंगचा प्रोग्राम आमच्या संघटनेतल्या प्रशांतने लिहिलेला. आणि इथेच माझं डोकं फिरायचं... टाइप केलेलं सगळं तो प्रोग्राम मेमरीत धरून ठेवायचा, फ्लॉपीवर उतरवायचा फक्त बंद होताना. बंद कर म्हटलं की आधी आवराआवर — मजकूर फ्लॉपीवर, तात्पुरत्या फाइली पुसायच्या — आणि शेवटी पडद्यावर ‘येतो भाऊ’. आपल्याकडे बाई असो की बाप्या, निघताना ‘येतो’च म्हणतात; ‘जातो’ कुणी म्हणतं का? म्हणून ही प्रशांतची गंमत.

“अन् लाइन गेली तं?” मी विचारायचो.

“तं काई नाई. मेलेला मानूस ‘येतो’ म्हनून जाते का बे? आवराआवरीचा कोड चालाले वीज लागते.”

“मंग मधी-मधी सेव्ह कराचं टाक ना!”

“टाकतो ना. उद्या.”

ते ‘उद्या’ आलंच नाही.

त्या दुपारी शेवटचा जबाब कौसल्याबाईंचा. आमच्याच साक्षरता वर्गात त्या अक्षरं शिकलेल्या, म्हणून पडद्यावर बोट ठेवून तपासत होत्या.

“भाऊ, टिंब राह्यला ना. ‘जाळ’चं ‘जाळं’ कर. नाई तं आमीच तलावाले आग लावली म्हनतीन.”

आम्ही हसलो आणि — पंखा थांबला. लाइन गेली. यूपीएस नव्हता. सकाळपासूनचं सगळं बुडालं म्हणून मी प्रशांतला शिवी हासडली.

पण पडदा विझला नव्हता. फ्लॉपीचा दिवा लागला होता, ती नेहमीसारखी कुरकुरत होती... प्रशांतने भिंतीतली पिन उपसून हातात घेतली. तरी कुरकुर चालूच. मग थांबली. पडद्यावर एकच शब्द. कौसल्याबाईंनी अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचला —

“जा... तो.”

आणि पडदा विझला.

“असं नाई म्हनत ना बाप्पा!” बाई मशीनवरच रागावल्या. “येतो म्हनाव.”

संध्याकाळी लाइन आली. फ्लॉपीवर सगळे जबाब होते, टिंब दिलेल्या ‘जाळं’सकट. आम्ही बाजारातल्या टायपिंगच्या दुकानात प्रिंट काढले, सुनावणीत मांडले. तलाव गावाकडेच राहिला. पण प्रोग्राम? तो मशीनमध्ये कुठेच नव्हता. स्वतःलाच आवरून गेला होता.

‘आत थोडी वीज उरली असेल’ म्हणणाऱ्या शहाण्यांनो, ती डोळा लवेपर्यंत पुरते! आणि तो शब्द? प्रशांतकडे कोड कागदावर होता. आम्ही ओळ न् ओळ पाहिली. ‘येतो भाऊ’ आहे, ‘जातो’ नाही. “म्या लिवलाच नाई,” एवढंच तो सांगतो. परत टाइप कर म्हटलं तर म्हणतो, उद्या. संताप येतो मला. कुणाकडे कारण असेल तर द्या, मी माझ्या पत्रकात छापतो. अजून कुणी दिलेलं नाही.

कौसल्याबाई बाजाराच्या दिवशी मासे विकून झाले की रिकामी टोपली घेऊन ऑफिसात डोकावतात.

“तुमचा तो गेलेला आला का नाई, भाऊ?”

मी पत्रकांचा गठ्ठा बांधत असतो. ते वाक्य असतंच त्यात, पहिल्या पानावर.

“नाई आला, बाई.”

“येनार नाई तो,” त्या म्हणतात. टोपली उचलतात, दारात थांबतात, आणि मुद्दाम माझ्याकडे बघून म्हणतात, “येतो मी.”