रॉकेलची ज्वारी

बेचाळीसच्या चळवळीत का गेलात, असं पोरी विचारतात आणि ‘देशासाठी’ हे उत्तर ऐकायला टपून बसतात. कसला देश! दीर भूमिगत झाला, म्हणून पोलिसांनी आमच्या कणगीतल्या ज्वारीवर रॉकेलचा डबा उपडा केला. लढाईपायी आम्हाला दिव्यापुरतंही रॉकेल मिळत नव्हतं. माण तालुक्यात त्या साली पीकही नव्हतं. सासूबाईंनी तीच ज्वारी धुतली, वाळवली, दळली. भाकरीचा पहिला घास घेतला आणि माझी धाकटी भडाभडा ओकली.

दुसऱ्या दिवशी कचेरीवर मोर्चा निघाला. मी धाकटीला काखेला मारलं.

सासूबाई दारात आडव्या आल्या. “आगं, पोरीसकट धरत्याल तुला!”

“धरू द्या, आत्याबाई. तुरुंगात हिला बिनवासाची भाकरी तरी गावंल.”