ओळीतली तूर, फोकलेली मेथी

दहा वेळा टकटक करूनही गॅसचा लायटर पेटेना, तेव्हा भिकुबाईनं तो लेकीच्या लॅपटॉपशेजारी आणून आपटला.

"व रुपा, यान्हावरच डॉक्टर व्हयी ऱ्हायनी ना तू? मंग कर दुरुस्त."

रुपा हसली नाही. शहाद्याच्या कॉलेजात तासिकेवर शिकवायचं आणि उरल्या वेळात हे पीएचडीचं काम, अशी चार वर्षं गेली होती. दाबलं की वीज देणारा खडा लायटरात असतो, त्यात शिसं. बिनशिशाचा खडा जमतो का, हा तिचा शोध. बेरियम टायटनेट नावाचं ते सिरॅमिक. त्यात टायटॅनियमचे अणू मधोमध न बसता सगळे एकाच अंगाला कललेले, वाऱ्यात ज्वारी कलते तसे. तापवलं की एका ठरावीक अंशाला तो कल मोडतो. आठ बेरियममधला एक काढून तिथं स्ट्रॉन्शियम घातलं, तर लवकर मोडतो. भट्टीत भाजलेल्या टिकडीचा ऐंशी अंशाला मोडला होता. कंप्युटरात तेच अणू मांडून केलेल्या टिकडीचा मात्र एकशेचारशिवाय मोडेना.

"सोमवारपर्यंत जुळलं नाही, तर हे प्रकरण प्रबंधातून काढ," मार्गदर्शक सरांनी फोनवर सांगितलं होतं. प्रकरण म्हणजे दोन वर्षं. आज गुरुवार.

भिकुबाई पडद्यात वाकली. निळे ठिपके, मधूनच हिरवी ओळ.

"हाई तं आपलं वावर शे. कपाशीमा तूर."

"तूर नही माय, स्ट्रॉन्शियम. सात ओळी बेरियम, एक ओळ हाऊ."

"कोनी पेरं?"

"मीच."

"सरळ पेरेल शे. बापनी आंडेर शोभस." भिकुबाईनं लायटर उचलला. "पन भट्टीमा तिफन कोन चालाडस व?"

रुपाचा हात थांबला. टिकडीसाठी तिनंच दोन्ही भुकट्या खलात सहा तास घोटल्या होत्या. घोटलेल्या भुकटीत कसली ओळ? पण लहानपणी वावरात ओळ वाकडी गेली की बापाचं, छगनआप्पांचं, ढेकूळ पाठीत बसायचं. आठात एक म्हटल्यावर हात आपसूक ओळीत गेला. मधले सात थर निव्वळ बेरियमचे, तिथं कल लवकर मोडावा कशानं?

"माय, मेथी कशी पेरतस?"

"पेरतस कसानी? मूठ भरी आन फोकी दिधी. पडी तठे पडी."

रुपानं प्रोग्रॅममध्ये तसंच लिहायला घेतलं आणि स्वतःशीच हसली. "फोकाले सांगं तरी हाऊ कंप्युटर पहिले एक आकडा मांगस. त्याले सीड म्हनतस. म्हंजे बियाणं."

"मंग मांगीच ना! बियाणं नही ते काय माती फोकशी?"

तीन वेगळी बियाणं, तीन वाफे. रविवारी पंखा घरघरून लॅपटॉप तव्यासारखा तापला. सोमवारी आकडे आले: एक्याऐंशी, चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी.

"ठेव प्रकरण," सर म्हणाले. "पण आधी ओळीत का घातलेस?"

"आमच्याकडं तसंच पेरतात, सर."

पलीकडं सर हसले. मग, "ते आकडेही लिही. ओळीत किती, विखरून किती."

पुसायला काढलेली जुनी फाइल तिनं ठेवली. तिला नाव दिलं 'तूर'. नवीला 'मेथी'.

"जमनं का?" भिकुबाईनं शेगडीकडून विचारलं.

"जमनं."

"आन मन्हा लायटर?"

रुपानं काडीपेटी पुढं केली.