एकवीस की अठ्ठावीस: एका वाइड लेन्ससाठी नांदेड ते लातूर

माझ्याकडे डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा आहे आणि इतकी वर्षं त्यावर पन्नास मिलिमीटरची एकच लेन्स होती. पन्नासने माणसाचा चेहरा छान येतो, पण तो माणूस जिथे बसलाय ती जागा येत नाही. म्हणून वाइड लेन्स घ्यायची हे ठरलं. एकवीसची की अठ्ठावीसची, ते ठरेना; आकडा जितका लहान, तितकी जास्त जागा फोटोत मावते. अठ्ठावीसची एका मित्राकडून आठवड्यासाठी मागून आणली. जुनी एकवीस विकायला असल्याचं कळलं ते नांदेडला. फोन केला तर पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "फोनवर कुणी लेन्स घेत असतेत का? या, चालवून बघा, मग बोलू." उदगीरला दिलेली माझी कॉलेजची मैत्रीण महानंदा कधीची बोलावत होती. दोन्ही कामं एका फेरीत बसत होती. पुण्याहून नांदेडच्या गाडीचं तिकीट काढलं.

नांदेडला सकाळी उतरलात तर थेट गुरुद्वाऱ्याकडे जा. लंगरमध्ये डाळ-रोटी मिळते, बसायला सावली मिळते आणि आत फोटो कुठे चालतो, कुठे नाही हे विचारलं की नीट सांगतात. तिथून रिक्षाने मी लेन्सवाल्यांच्या घरी गेले.

ते निवृत्त पशुवैद्य. आयुष्यभर गुरांच्या दवाखान्यात नोकरी केली आणि सुट्टीच्या दिवशी फोटो काढले. त्यांनी लेन्स मऊ फडक्यातून बाहेर काढली आणि बरोबरची, चौकट बघायची छोटी भिंगाची डबीही दिली. ज्यांना हा कॅमेरा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघत नाही, बाजूच्या खिडकीतून बघतो. खिडकीत वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, त्या एकावर एक आणल्या की फोकस झाला. अठ्ठावीसपर्यंतची चौकट त्या खिडकीत दिसते. एकवीस तिच्यात मावत नाही, म्हणून ती वेगळी डबी कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायची. फोकस एका खिडकीत, चौकट दुसरीत.

"मोतीबिंदू काढला तसं दोन खिडक्यांत बघणं जमना गेलंय," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला चष्मा हाय. तुमचं काय?"

चष्म्यामुळे अठ्ठावीसच्या चौकटीच्या कडा मला दिसत नाहीत. डोकं डावी-उजवीकडे हलवून अंदाज घ्यावा लागतो. डबीत मात्र एकवीसची चौकट पूर्ण, स्वच्छ दिसत होती. मी तसं सांगितलं.

"मग न्या. पटली तर कळवा. न पटली तर लातूरला माझी लेक राहती, तिच्याकडं द्या."

ओळख ना पाळख. लेन्स माझ्या पिशवीत आली.

कंधारला एसटीने गेले. रस्ता बहुतेक चांगला, लोह्याच्या पुढे काही पट्टे उखडलेले. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे या सबंध फेरीत प्रवासाचा खर्च जेवणाहून कमी आला. किल्ल्याला खंदक आहे, त्यात पाणी होतं, आणि आत माझ्याशिवाय जवळजवळ कुणी नव्हतं. एकवीस लावून मी दुपारपर्यंत हिंडले. खंदक, बुरूज, कमान, आभाळ, सगळं एका फोटोत. स्टँडवर चहा पिताना पडद्यावर बघितलं. सगळं होतं, पण खालच्या अर्ध्यात नुसती माती होती आणि बुरूज लांब पळून गेल्यासारखा. एकवीसने फोटो काढायचा तर पुढ्यात काहीतरी हवं, हे पुस्तकात वाचलं होतं. कंधारला ते स्वतः करून कळलं.

जांबमार्गे जळकोटला पोचले तेव्हा बाजार भरला होता. तिथे अठ्ठावीस लावली. एक बाई बोरं आणि हरभऱ्याच्या जुड्या घेऊन बसली होती. माझ्या अंदाजाने मी पुरेशी जवळ होते, पण चौकटीत ती लहान दिसायची, म्हणून पुढे, आणखी पुढे.

"अगं माय, माझ्या पाटीतच बसायलीस की!" ती म्हणाली.

"फोटो काढू का?"

"एवढं जवळ आल्यावर इचारायलीस? काढ. पर जुडी घे."

जुडी घेतली. फोटो चांगला आला. तिचे हात, पाटी आणि मागचा बाजार, तिन्हींना आपापली जागा मिळाली होती.

उदगीरला महानंदा स्टँडवर घ्यायला आली. तिच्या सासरचं कापडाचं दुकान बाजारातल्या जुन्या ओळीत आहे, सासऱ्यांच्या वडिलांनी काढलेलं. घरी पोचल्यावर तिने सुशीला पुढे केला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, वर शेंगदाणे, या भागात आलात तर सकाळी हॉटेलात मागा) आणि मग शांतपणे सांगितलं, "वाटणी झाली. सोमवारी दुकानात मधी भिंत घालायलेत."

दुकान दोघा भावांत होतं. थोरले विश्वनाथ आणि धाकटा काशिनाथ, म्हणजे महानंदाचा नवरा.

"भांडण झालं?"

"भांडण असतं तर बरं. बोलणंच न्हाई दोन वर्षं झालं. एकाच गादीवर बसतेत आणि नोकराच्या तोंडून निरोप देतेत. सासूबाईंचं एकच म्हणणं, भिंतीच्या आधी सगळ्यांचा दुकानात एक फोटो पाहिजे. इथल्या फोटोवाल्याला बोलवलं तर भावजी म्हणाले, बाहेरच्यापुढं तमाशा नको. तू बाहेरची न्हाईस."

मी होकार दिला. लेन्स तपासायला आलेल्या माणसाला यापेक्षा अवघड परीक्षा मिळाली नसती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी सगळे जमले. दुकान रुंदीला भरपूर, तीन शटरचं, आणि समोरची गल्ली अरुंद. मागे सरकत मी समोरच्या भांड्यांच्या दुकानात शिरले, पाठीला घागरींची उतरंड लागली. यापुढे जागा नव्हती. सासूबाई, ज्यांना सगळे अव्वा म्हणतात, कपाळाला विभूती लावून मधोमध गादीवर बसल्या. भाऊ मात्र दोन टोकांना उभे राहिले, एक साड्यांच्या कपाटापाशी, एक शर्टाच्या कापडापाशी. त्यांच्या बायका आणि मुलं आपापल्या बाजूला.

पन्नासचा प्रश्नच नव्हता. एकवीस लावली, वरची डबी बसवली, अव्वांवर फोकस घेतला. सगळे आले. तिन्ही शटर, छतापर्यंतच्या फळ्या, कापडाच्या ताग्यांच्या रांगा, आजोबांची तसबीर, दोन्ही टोकांचे दोन्ही भाऊ. मी फोटो काढले आणि पडद्यावर मोठे करून बघितले. कडेला वाइड लेन्स जे करते तेच झालं होतं. विश्वनाथभाऊजींचं डोकं बाहेरच्या बाजूला ओढलं गेलं होतं आणि काशिनाथचा खांदा दुप्पट झाला होता.

आणखी मागे सरकलं तर पाठीमागच्या घागरी पडल्या असत्या. मी अठ्ठावीस लावली. आता दोन्ही टोकं चौकटीच्या बाहेर गेली.

"थोडं मधे सरका," मी म्हणाले.

मुलं सरकली. बायका सरकल्या. भाऊ एकेक पाऊल सरकले आणि थांबले.

"अजून."

कुणी हललं नाही. गल्लीतून एक दुधवाला घंटी वाजवत गेला. मला वाटलं, एकवीसवरच भागवावं, कडा नंतर संगणकावर थोड्या सरळ करता येतील. तेवढ्यात अव्वा मान न वळवता बोलल्या.

"विश्वनाथ, इकडं ये. काशिनाथ, तू बी. फोटोपुरतं सरका, मंग जावा कुठं जायचं ते."

दोघे आले. अव्वांच्या मागे खांद्याला खांदा लावून उभे राहिले. काशिनाथचे डोळे लाल होते. विश्वनाथभाऊजींनी शर्टाची कॉलर नीट केली, मग जरा थांबून, न बघता, धाकट्याचीही केली. मी बटण दाबत राहिले. मला कडा दिसत नव्हत्या, अंदाजानेच काढत होते.

"साकू," अव्वा कानडीत म्हणाल्या. पुरे. मुलं पळाली. भाऊ आपापल्या टोकाला गेले आणि पहिलं गिऱ्हाईक आलं. पुढे दोघे एकमेकांशी काही बोलले नाहीत; मी दुपारपर्यंत तिथे होते.

उदगीरहून नळेगावमार्गे लातूर, बस भरलेली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरीच्या काढणीची धांदल. मी खिडकीशी बसून दोन्ही लेन्सचे फोटो पुन्हा पुन्हा चाळले आणि लातूर यायच्या आत निर्णय झाला. अठ्ठावीसला जवळ जावं लागतं, लोकांनाही जवळ यावं लागतं. मला तेच हवं होतं. कडा न दिसण्याची सवय करून घेता येईल.

लातूरला डॉक्टरांच्या मुलीकडे लेन्स दिली. तिने धपाटे आणि दही खायला घातलं.

"बाबांना सांगा, लेन्स उत्तम आहे, माझ्याच कामाची नाही."

ती हसली. "तिसऱ्यांदा परत आली ही. आता मीच त्यांना म्हणणारय, राहू द्या घरातच."

पुण्याला आल्यावर मित्राची अठ्ठावीस परत केली आणि तसलीच स्वतःसाठी शोधून घेतली. ती आता कॅमेऱ्यावरून सहसा उतरत नाही. उदगीरचे दोन्ही फोटो मोठे छापून कुरिअरने पाठवले. वर अठ्ठावीसचा ठेवला, मला अभिमान होता त्याचा. एकवीसचा नुसता सोबत घातला.

काही दिवसांनी महानंदाचा फोन आला. भिंत झाली, तिच्यावर रंगही लागला. दोन्ही दुकानांना वेगळ्या पाट्या आल्या.

"फोटो लावला का?" मी विचारलं.

"लावला की. अव्वांनी दुसरी प्रत काढायला लावली. दोन्ही दुकानात एकेक."

"दोघं जवळ उभे आहेत तो ना?"

"न्हाई गं, तो न्हाई. तो त्यांनी कपाटात ठेवलाय. लांबचा लावला, सगळं दुकान दिसतंय तो."

मी म्हणाले, त्यात भाऊजींचं डोकं वाकडं आलंय.

"आम्ही बी तेच म्हणलं. तर म्हणाल्या, पोरांची तोंडं मला रोज दिसतेत." महानंदा सांगत होती. "दुपारी गिऱ्हाईक नसलं की फोटोपुढं उभ्या राहतेत. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवतेत आणि नातवंडांना सांगतेत, हितून हितवर आपलं होतं."