गोब्र्याची टाकी

वीज आली आणि माझी नणंद शेवंती गेली. आम्ही दोघी एकाच टाकीत हात घालून पाणी ढवळत होतो. वरचा दिवा लागला, बाहेर वाडीतल्या पोरांनी ‘आली, आली’ म्हणून ओरडा केला, मीही हात बाहेर काढून दिव्याकडे बघितलं... आणि खाली बघते तर शेवंती टाकीच्या काठाला चिकटून उभी, तोंड उघडं, डोळे माझ्याकडे. ती हसते आहे असंच मला वाटलं. मग ती थरथरायला लागली. मी तिला धरायला वाकले, तेवढ्यात दारातून मत्स्यघराचे मालक ओरडले, “काकी, हात लावू नका! हात लावू नका तिला!” ते बटणाकडे धावले. दिवा गेला आणि शेवंती खाली पडली. वाडीतल्या माणसांनी तिला रिक्षात घातलं. वादळात पडलेली झाडं रस्त्यात तशीच होती, रिक्षा वळसे घेत चालली होती. मी तिचे पाय मांडीवर घेतले होते. दवाखाना यायच्या आधीच मला कळलं होतं.

पेपरात तीन ओळी आल्या. मत्स्यघरातली महिला कर्मचारी विजेच्या धक्क्याने मृत. तिचं वय चुकलं होतं, आणि टाकीत दुसरी बाई होती हे लिहिलेलं नव्हतं. लोक येतात, चूक कोणाची म्हणून विचारतात. मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगते.

शेवंती माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. मी राजापूरकडून या घरात लग्न होऊन आले तेव्हा ती परकरातली होती. माप ओलांडून आत आले, तर सगळ्या बायकांच्या देखत ती माझ्या नवऱ्याला म्हणाली, “दादा, ही तर बुटकी! फळीवरची मिठाची बरणी कशी काढणार ही?” बायका हसल्या. मी त्या दिवशी तिच्याशी बोलले नाही, आणि पुढेही बरीच वर्षं कामापुरतंच बोलले. आमचं भांडण झालं की ती मिठाची बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवायची. मग मला स्टूल तरी आणायला लागायचं, नाहीतर तिला हाक तरी मारायला लागायची. मी स्टूल आणायची.

तिला केळशीला दिली होती. नवरा होडीवर होता, तो तापाने गेला. मूल नव्हतं. सासरच्यांनी वर्षश्राद्ध झाल्यावर तिला आणून सोडली ती सोडलीच. तेव्हापासून ती आमच्या पडवीत. भावाच्या घरात फुकट जेवायचं नाही म्हणून तिने डोक्यावर टोपली घेतली. पहाटे बंदरावर मासळी घ्यायची आणि दारोदार विकायची. तोंड असं की गिऱ्हाईक घासाघीस करायला घाबरायचं. एका मास्तरीणबाईंनी बांगड्याचा कल्ला दाबून ‘ताजा आहे ना?’ असं दोनदा विचारलं, तर म्हणाली, “बाई, आता तिसऱ्यांदा दाबलात तर तोच उत्तर देईल.” पुढे गुडघे गेले, टोपली उचलेना. माझा नवराही गेला. घरात आम्ही दोघीच उरलो, आणि चूल माझी होती. ती जेवायला बसायची तेव्हा माझ्या हाताकडे बघायची, मी किती वाढते ते. मी कधी कमी वाढलं नाही. पण ती बघायची.

आमच्या वाडीच्या तोंडाशी, समुद्राच्या रस्त्याला ते मत्स्यघर आहे. जहाजावर नोकरी करून आलेल्या एका माणसाने स्वतःच्या घराच्या मागच्या खोल्या वाढवून काढलेलं. पुढच्या खोलीत शंख, शिंपले, जुनी जाळी, मोडक्या होडीचं सुकाणू, मोठ्या माशाचा जबडा. मागच्या खोलीत सिमेंटच्या ओट्यांवर काचेच्या टाक्या. घाटावरची माणसं देवदर्शन करतात, किल्ला बघतात, मग इथे शिरतात आणि तिथून समोरच्या खानावळीत. काचा पुसायला आणि माशांना खायला घालायला बाई हवी होती, मालकांनी शेवंतीला विचारलं. ती दुसऱ्याच दिवशी गेली. मी म्हटलं, “जन्मभर मासे मारून खाल्लेस, आता त्यांना भरवणार?” तर म्हणाली, “तुलापण भरवलं असतं, पण तू चावतेस.”

माशांच्या नावाच्या पाट्या होत्या, पण तिला त्या पुरेशा वाटायच्या नाहीत. कोणी विचारलं, “मावशी, हा कुठला मासा?” की ही सांगायची, “तांबोशी. तळून खा. चिंच कमी घाला, नायतर चव जाते.” मालक कातावायचे. “मावशी, इथे लोक मासे बघायला येतात, खायला नाही.” यावर ती म्हणायची, “बघून झालं की खायलाच जातात ना समोर? मी नुसता रस्ता सांगत्ये.” लोक हसायचे. परत येणारे लोक ‘त्या मावशी आहेत का’ म्हणून विचारायचे. हळूहळू मालकांनी तिला टोकणं सोडलं.

सगळ्यात मोठ्या टाकीत गोब्रा होता. खडकातला मासा, अंगावर डाग, जाड ओठ. आला तेव्हा तळहाताएवढा होता, वाढून मसाला वाटायच्या पाट्याएवढा झाला. लोक त्याच्यासाठीच यायचे, पोरं काचेला नाक लावून उभी राहायची. शेवंतीची सावली काचेवर पडली की तो दगडामागून बाहेर यायचा. माझी पडली तर नाही. “तुझी सावली टाकीपर्यंत पोचतच नाय गो, वहिनी,” म्हणायची. कोणी म्हणालं की हा तुम्हाला ओळखतो, तर सांगायची, “मला नाय, हातातल्या तारलीच्या तुकड्याला ओळखतो.” त्याच्या वयाबद्दल ती लोकांना काय वाटेल ते ठोकून द्यायची. कोणाला इंग्रजांच्या वेळचा, कोणाला तिच्या आजोबांनी पकडलेला. आणि घरी आमच्याकडे गोब्र्याचं कालवण झालं तर डोकं चोखून खायची. काचेतला वेगळा आणि ताटातला वेगळा, त्यात तिला काही घोळ नव्हता. पण त्या नोकरीपासून ती जेवताना माझ्या हाताकडे बघायची थांबली. घरातले तांदूळ ती आणायची. कधी मी वाढायच्या आधी स्वतःच डाव घ्यायची आणि मलाच जास्त वाढायची. एवढा एकच फरक झाला, पण घरात तो रोज दिसत होता.

मग वादळ आलं. आमची कौलं उडाली, माड पडले, विजेचे खांब आडवे झाले. मत्स्यघरातला जनरेटर पाण्याखाली गेला. टाक्यांतल्या पाण्यात हवा सोडणारे पंप बंद पडले. हवा नसली की मासा पाण्यातच गुदमरतो. समोर समुद्र एवढा मोठा, पण तो मातीने लाल झालेला, ते पाणी टाकीत घालून उपयोग नव्हता. शेवंतीने कळशी घेतली. टाकीतलं पाणी भरायचं आणि उंचावरून परत टाकीत ओतायचं, म्हणजे वारा मिसळतो. हात भरून आले की नुसतं ढवळायचं. मालक एका टाकीवर, ती दुसऱ्या टाकीवर. पहिल्याच दिवशी मालक म्हणाले, “मावशी, हा गोब्रा गेला तर मी दार लावणार. हॉटेलासाठी जागा बघून गेलेत लोक. मला आता परत सगळं उभं करायला होणार नाही.” ते रागाने म्हणाले नव्हते. थकून म्हणाले होते. पण शेवंतीने ते ऐकलं.

त्याच संध्याकाळी मालक पंपाची बटणं बंद करायला निघाले होते. शेवंती म्हणाली, “ऱ्हाऊ देत चालू. वीज आली की कळायला नको? पंपाचा आवाज झाला की मी घरून धावत येईन.” मी तिला घरी न्यायला आले होते, मीही म्हटलं, होय, राहू देत. आमच्याकडे सगळे असंच करतात. वीज गेली की एक तरी बटण चालू ठेवायचं, म्हणजे आली की कळते. कोणाच्या मनात काही आलं नाही.

लहान टाक्या आधी गेल्या. तांबोश्या पालथ्या होऊन वर आल्या. मालकांनी तोंड फिरवलं. शेवंतीने एकेक मासा उचलला, जुन्या सवयीने कल्ला उघडून बघितला आणि टोपलीत टाकला. मी विचारलं, “घरी नेणार?”

“मग काय फोटो लावून हार घालू?”

मालक म्हणाले, “मावशी, पाण्यात औषध टाकलेलं असतं.”

“माझ्या पोटात त्याहून जास्त हाय. बीपीची, गुडघ्याची, सगळी.”

आम्ही कंदिलाच्या उजेडात त्यांचं कालवण खाल्लं. चवीला बरं होतं. जेवता जेवता तिचा हात घास धरूनच थांबला, खांदा वर उचलेना. मी तेल चोळून दिलं.

सकाळी ती उठली ती भिंत धरून. मी म्हटलं, “जाऊ नको आज. मासा आहे तो. मेला तर मेला.”

“तुझं बरं हाय. तुझं घर हाय.”

“आणि तुझं नाही? मी काय तुला उपाशी ठेवलं का कधी?”

“नाय ठेवलंस. तेच तर. तू वाढतेस ते मला दिसतं.” तिने पदर खोचला. “ते दार बंद झालं की मी परत तुझ्या पडवीत बसू? दादा होता तेव्हा भावाकडे जेवले. आता कोणाकडे जेवू? सांग ना. कोण लागतेस तू माझी, दादा नसताना?”

तिने मिठाची बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवली आणि गेली.

मी भात टाकला, तिचा डबा भरला आणि दुपारी मागोमाग गेले. गोब्रा एका कुशीवर कलला होता. तोंड उघडत होता, मिटत नव्हता. शेवंती निळ्या प्लास्टिकच्या क्रेटवर उभी राहून पाणी ढवळत होती. बर्फातली मासळी ठेवायचा असतो तो क्रेट. टाकीचा ओटा उंच, आत हात पोचायला काहीतरी लागायचंच. “मेल्या, तोंड मीट,” ती त्याला म्हणत होती. “तोंड मीट, सांगत्ये ना.” तिचा आवाज फाटला होता. हाताची कातडी मिठाच्या पाण्याने पांढरी पडून सुटायला लागली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मला म्हणाली, “वहिनी, हा जातोय गो.”

तिला रडताना मी तिचा नवरा गेला तेव्हाही बघितलं नव्हतं.

मी डबा खाली ठेवला आणि पदर खोचला. माझा हात टाकीत पोचेना. तिने ते बघितलं, क्रेटवरून उतरली आणि पायाने तो माझ्याकडे ढकलला. “घे. तू बुटकी. नायतर तोल जाऊन आत पडशील नि हा म्हणेल, आज जेवण मोठं आलं.” ती फरशीवर उभी राहिली. फरशी ओली होती. चपला तिने नेहमीप्रमाणे बाहेर काढल्या होत्या, कारण ती फरशी तीच पुसायची. तिला एकच हात कसाबसा घालता आला, माझे दोन्ही. आम्ही ढवळत राहिलो. खूप वेळाने गोब्र्याने कल्ले नीट हलवले आणि तो सरळ झाला. आम्ही दोघींनी ते एकदमच बघितलं. ती म्हणाली, “बघितलंस?” मी म्हटलं, “बघितलं.” मग वीज आली.

वायरमन नंतर म्हणाला, पाण्यातल्या पंपाच्या वायरीचं रबर खाऱ्या पाण्याने खाल्लं होतं, वीज पाण्यात उतरली. काकी, तुम्ही प्लास्टिकवर होतात आणि मासा तर नुसता पाण्यात, म्हणून दोघांना काही झालं नाही. मला बोटांना मुंग्या आल्यासारखं वाटलं होतं, तेवढंच.

बारावं-तेरावं झाल्यावर मालक आमच्या पडवीत येऊन बसले. मग म्हणाले, “काकी, गोब्र्याला समुद्रात सोडून देतो. मला त्याच्याकडे बघवत नाही.” मी म्हटलं, “सोडा. पण आधी मला सांगा, मग ती कशासाठी मेली?” ते उठून गेले. त्यांनी सगळ्या वायरी बदलल्या. दिवाळीत दार उघडलं. तारल्या कापून घालायला माणूस हवा होता, मी जाते. गोब्रा माझ्या सावलीला अजूनही बाहेर येत नाही. तारली पाण्यात पडली की येतो.

घरात मिठाची बरणी वरच्या फळीवर आहे तिथेच आहे. मी मिठाची पुडी फोडून वापरते.

माणसं आता जास्त येतात. पुढच्या खोलीतले शंख-शिंपले न बघता सरळ मागे येतात, मोबाईल काढतात. क्रेट टाकीखाली आहे, मी त्यावर उभी राहून वरची काच पुसते. परवा एक नवरा-बायको आले होते. बाई मला म्हणाली, “मावशी, हीच का हो ती टाकी?”

“हीच.”

“अगंबाई! आणि दोघी होत्या ना म्हणे इथे? दुसरीचं काय झालं?”

“बुटकी होती,” मी म्हटलं. “ती वाचली.”