सहा आठवड्यांची आहारवही

कमी खाल्लं तर लठ्ठ माणसाची जनुकं वेगळी वागायला लागतात का, हे तपासणाऱ्या एका संशोधनात आमच्या ह्यांनी नाव घातलं, आणि त्या दिवसापासून माझा ह्यांच्यावरचा विश्वास उडाला. गोडाचं नाव काढलं की ज्याचा चेहरा खुलतो, तो माणूस बंगालमध्ये राहून पथ्य पाळणार?

सासरे आणि थोरले दीर दोघंही असेच वजनदार, दोघंही पन्नाशीत हृदयविकाराने गेले. "आमच्या रक्तातच आहे ते," असं हे नेहमी म्हणायचे. डॉक्टरांनी समजावलं की जनुकं बदलत नाहीत, पण खाणं कमी झालं की चरबी साठवायला लावणारी काही जनुकं मंदावतात, असं दिसतं. कोणात किती, तेच त्यांना पाहायचं होतं. ह्यांना तेवढंच ऐकायचं होतं. मुलगीही बापाच्याच वळणावर चालली होती.

रक्त घेतलं, पोटातून सुईने चरबीचा नमुना घेतला आणि एक आहारवही दिली. स्वयंपाक माझा, म्हणून वही माझ्याकडे आली. दोन पोळ्या, वाटीभर भात, तेल चमच्याने मोजून. वही लिहिण्यात माझी कुचराई नव्हती, हे मी छातीठोकपणे सांगत असे.

तीन आठवड्यांनी वजन जेमतेम अर्धा किलो उतरलं. झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. ह्यांची बँक डमडमला, घर बालीगंजला. मधल्या वाटेवर काय काय मिळतं ते मला ठाऊक आहे. शर्टाचे खिसे चाचपले. रुमाल हुंगला. एकदा तर भाजीच्या निमित्ताने स्टेशनबाहेर जाऊन उभी राहिले. हे आले, मिठाईच्या दुकानापाशी थांबले, काचेआडच्या संदेशाच्या वड्यांकडे बघितलं आणि सरळ पुढे निघून गेले. मला बघितलं असणार, अशी मी मनाची समजूत घातली.

"अहो, खरं सांगा, बाहेर काय खाता?"

"काही नाही गं."

"मग वजन का हलत नाही?"

हे उठून हात धुवायला गेले. चोर सापडला की गप्प बसतो, असंच मला वाटलं.

सहा आठवडे झाल्यावर आम्हाला दोघांना बोलावणं आलं. आहारतज्ज्ञ बंगाली बाई वही चाळता चाळता थांबली. "बौदी, इन दिनों में दादा ने क्या खाया?" बौदी म्हणजे वहिनी, दादा म्हणजे हे.

अकरा दिवसांचे रकाने कोरे होते. वर फक्त 'उपवास' असं लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात. श्रावण होता, सोमवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, आमच्याकडे सगळं पाळतात.

"कुछ नहीं, उपवास था," मी म्हटलं.

"कुछ भी नहीं?"

"बस, साबूदाना खिचड़ी."

मग तूप किती, दाण्याचं कूट किती, असं ती विचारत गेली. बटाट्याचा कीस निघाला, दाण्याचे लाडू निघाले, वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी निघाली. उपवासाचं खाणं कधी कोणी खाण्यात धरतं का? माझ्या माहेरी नाही, सासरी नाही. वहीवरून मात्र ते अकरा दिवस हे उपाशीच ठरले होते.

डॉक्टर रागावले नाहीत. हे नमुने आता उपयोगाचे नाहीत, एवढंच म्हणाले आणि ह्यांचं नाव यादीतून काढलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टॅक्सीत मी कसंबसं म्हटलं, "मी तुमचे खिसे तपासत होते हो."

"माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"सांगणार काय? एवढं पाळूनही वजन उतरत नाही म्हटल्यावर मला वाटलं, माझं रक्तच ऐकत नाहीये. मी बाबांसारखं जायची तयारी करत होतो. तू वाढलेल्या ताटाची मला एकदाही शंका आली नाही."