शेटची यॉट

आमच्या पाड्यापुढं धरणाचं पाणी आहे आणि शहापूरच्या बाजाराला जाणारा रस्ता पलीकडच्या काठावर. म्हणून होडी. तिच्यातून भाताची पोती गेली, शेळ्या गेल्या, माझी काकू नवरी होऊन आली. होडी थोडी गळते. शेवटी चढेल त्यानं डब्यानं पाणी उपसायचं, मग तो सरपंच का असेना, असा आमचा रिवाज.

आमच्याच काठावर रिसॉर्ट काढलेल्या शेटनं गेल्या वर्षी यॉट आणली. पांढरीशुभ्र, आत सोफा, फ्रिज, संडास. "होडी वेगळी आणि यॉट वेगळी," असं तो आम्हाला लहान पोरांना सांगावं तसं सांगायचा. फरक आम्हाला दिसतच होता. यॉट पाहुणे भरून निघायची, गाणी वाजवत गोल फिरायची आणि निघाली तिथंच परत यायची. आमची कोंबडीही इतकी बिनकामाची फिरत नाही.

मे महिन्यात पाणी उतरलं. खाली आमच्या बुडालेल्या शेतांचे बांध आहेत; पाण्याखाली काय आहे, हे शेटनं कधी कुणाला विचारलं नव्हतं. यॉट माझ्या आजोबांच्या बांधावर चढून बसली.

काकू होडी घेऊन बाजाराला निघाली होती. तिनं पाहुण्यांना होडीत उतरवून घेतलं, पण ती काही मागं वळणार नव्हती. शेट शेवटी चढला. काकूनं डबा त्याच्या हातात दिला.

"उपसा शेट, नायतं सगळीच बुडू."

पलीकडचा काठ लागेपर्यंत तो उपसत होता. वर्षभर धरणात फिरून शेट पहिल्यांदाच कुठंतरी पोचला.