मशीनला वाटलं कावीळ

कुठल्याही शॉटला हात लावण्याआधी तो उठायचा, गॅलरीत जायचा, उजवा तळहात घटकाभर उन्हात धरायचा आणि तसाच उघडा हात घेऊन परत खुर्चीत. मग एकदा तळहाताकडं, एकदा स्क्रीनवरच्या नवरीच्या गालाकडं बघायचा. "तळहात खोटं बोलत नाय, भाऊ." लग्नाच्या व्हिडिओतले रंग नीट करणारे तुम्हीही पाहिले असतील. असा पाहिला नसेल.

मला त्याचा हेवा वाटायचा. आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढं लपवायची कटकट नको.

सिडकोतल्या एका स्टुडिओत आम्ही शेजारी शेजारी बसायचो. तो पैठणकडचा, मेंढपाळाच्या घरातला. आमची शेंद्र्याकडची जमीन कारखान्यांत गेली आणि वडिलांनी त्यातून मला मशीन घेऊन दिलं. बत्तीस जीबी रॅम, विटेएवढं ग्राफिक कार्ड, आत निळे दिवे. त्याच्या टेबलावर मात्र स्टुडिओचं जुनं खोकं. चार जीबी. शॉट चालवला की नवरदेव उचकी लागल्यासारखा चालायचा, आणि पंखा असा घरघरायचा की खालचे लोक दळण घेऊन वर यायचेच बाकी होते.

फायनल व्हिडिओ तयार व्हायला लागला की मी मोबाईलवर वेळ लावायचो. "माझं अकरा मिनिटांत झालं. तुझं?"

"शिजतंय अजून."

शिजायला तीन तास. तेवढा वेळ तो गॅलरीत उभा. पावसानं दडी मारल्याचं ते दुसरं वर्ष. खाली टँकरची रांग, समोर नव्या बिल्डिंगांचे सांगाडे.

"काय बघतो रे एवढं?"

"सकाळची धूळ अन् दुपारची धूळ एक नसती, भाऊ."

मी हसलो. माझं ग्राफिक कार्डही हसलं असावं.

मग एक दिवस शेठ म्हणाले, "बायपासला नवी शाखा काढतोय. तिथं रंगाच्या खुर्चीवर तुमच्यातला एकच बसंल." दोघांना एकाच हळदीचं शूटिंग दिलं. नवरीची आई ज्याचा व्हिडिओ पसंत करेल, त्याची खुर्ची पक्की. ती खुर्ची मी मनात केव्हाच अडवली होती. घरी बायकोला सांगूनही टाकलं होतं.

शूटिंग उघडलं तर सगळं पिवळं. मांडवाचं कापड पिवळं, माणसं पिवळी. माझ्या मशीननं स्वतःहून दोष ओळखला आणि विचारलं, पिवळी झाक काढू का? मी म्हटलं, काढ बाबा. एका क्लिकमध्ये अख्खं वऱ्हाड गोरंपान, क्रीमच्या जाहिरातीसारखं. अकरा मिनिटांत फाइल तयार. वर मी त्याला चहा पाजला. दया म्हणून.

नवरीच्या आई आल्या; आमच्या तोंडी मावशी. माझा व्हिडिओ आधी लावला. मी हाताची घडी घालून उभा. पहिल्याच मिनिटाला मावशी उठल्या.

"माझ्या पोरीची हळद कुठं गेली? लगीन लागायच्या आधीच उतरवली व्हय रे मेल्या?"

मी आयुष्यात बऱ्याच चुका केल्यात; पण हळदीच्या कार्यक्रमातून हळद काढणारा मराठवाड्यात मी पहिलाच असेन. शेठचा चेहरा बघवेना. तेवढ्यात हा मागून म्हणाला, "मावशी, मशीन नवं हाय. हळद म्हंजे त्याला कावीळ वाटली. दवा दिली त्यानं."

मावशींना हसू फुटलं. मी वाचलो. मग त्याचा व्हिडिओ लागला. हळद हळदीसारखी, त्याखाली पोरीची सावळी कातडी जित्ती, मांडवाबाहेर चार वाजताची धूळ. मावशींनी पदर डोळ्याला लावला. "ही माझी," एवढंच म्हणाल्या.

खुर्ची त्याला गेली. हरण्याचं दुःख एक वेळ गिळता येतं. पण ज्यानं हरवलं त्यानंच वाचवलं, हे कसं गिळायचं? तो नव्या शाखेत गेल्यावर मीही गुपचूप गॅलरीत तळहात धरून उभा राहायला लागलो. खालचा पानवाला ओरडला, "क्या भाऊ, भविष्य देख रहे क्या?"

पुढच्या उन्हाळ्यात तो निरोप घ्यायला आला. बापाच्या डोळ्यांत मोतीबिंदू. "म्हाताऱ्याला आपलं मेंढरू वळखू येईना. चारापाण्यापायी कळप नदीकडं न्यायचा हाय. गेलं पायजे."

जाताना दारात थबकला. "भाऊ, एक डाव तुमच्या मशीनवर बसू का? कधीचं मनात हाय."

कधीचं! मी पटकन खुर्ची सोडली. त्यानं एक व्हिडिओ लावला आणि दोन्ही हात मांड्यांत धरून जत्रेतल्या पोरासारखा बघत बसला. अकरा मिनिटं.

"झालं?"

"झालं."

"लई भारी." मग खरोखरच न कळल्यासारखं विचारलं, "मंग उरलेल्या वेळात तुम्ही काय करता?"

"तुझ्याकडं बघत बसायचो."

त्याला वाटलं मस्करी. हसत हसत जिना उतरला, पैठणची एसटी धरायला.

आता बायपासची ती खुर्ची माझी आहे. मशीन आणखी वेगाचं घेतलंय. तेच काम चार मिनिटांत होतं. उरलेला वेळ लई वाढलाय, आणि बघायला शेजारी कोणी नाही.